पोटातलं पाणी आणि दुधाचा हिशोब

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका ओळखीच्या बाईंनी मला हळूच बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "एक विचारू का? रागावू नका हं. तुमच्या सासूबाई लिव्हरच्या आजाराने गेल्या म्हणे. म्हणजे... त्या काही घेत वगैरे होत्या का हो?"

मला हसावं की रडावं तेच कळेना. ज्या बाईंनी जन्मात कधी खोकल्याचं औषधसुद्धा सरळ तोंडाने घेतलं नाही, वास येतो म्हणून नाक दाबून घेतलं, त्यांच्याबद्दल हा प्रश्न! पण त्या बाईंना तरी काय बोल लावायचा? आमच्या घरातही हा आजार वर्षभर याच लाजेपायी झाकून ठेवला होता. कुणी विचारलं तर "पित्ताचा त्रास आहे" असं सांगायचं, असं ठरलेलं. आईंनीच ठरवलं होतं तसं. (सासूबाईंना मी आईच म्हणत असे.)

तेव्हा मैत्रिणींनो, पहिली गोष्ट ही की यकृत खराब होण्याला दारू हे एक कारण आहे, एकमेव नव्हे. ब आणि क प्रकारची कावीळ वर्षानुवर्षं शरीरात मुक्काम ठोकून यकृत पोखरते. मधुमेह आणि लठ्ठपणा यांच्या जोडीने यकृतात चरबी साठते. त्यातून काहीजणांचं यकृत हळूहळू सुजतं, त्यात व्रण होतात आणि ते निबर होतं. आईंना वीस वर्षांचा मधुमेह होता. यकृतात चरबी आहे, असं सोनोग्राफीच्या कागदावर कितीतरी आधी लिहून आलं होतं. तो कागद आम्ही फायलीत नीट लावून ठेवला आणि विसरून गेलो!

पाणी येतं कुठून?

निबर झालेल्या यकृताला सिऱ्हॉसिस म्हणतात. आतड्यांकडून येणारं रक्त एका मोठ्या शिरेतून यकृतात जातं. यकृतच दगडासारखं झालं की त्या रक्ताला वाट मिळत नाही, मागे दाब वाढतो. शिवाय रक्तातलं पाणी रक्तातच धरून ठेवणारं अॅल्ब्युमिन नावाचं प्रथिन यकृतच बनवतं, तेही कमी पडू लागतं. मूत्रपिंडांचा समज होतो की शरीरात पाणी कमी आहे, म्हणून ती मीठ आणि पाणी साठवत बसतात. या सगळ्याचं मिळून पाणी पोटाच्या पोकळीत उतरतं. आपल्या जुन्या लोकांनी याला जलोदर हे नेमकं नाव दिलेलं आहे.

आईंचं पोट वाढू लागलं तेव्हा त्या म्हणायच्या, "हातपाय काड्या झाले आणि पोट तेवढं सातव्या महिन्याचं." हसून म्हणायच्या, पण नऊवारीची गाठ बसेना म्हणून एक दिवस कपाटापाशी उभ्या राहून रडल्या होत्या.

या साठलेल्या पाण्याचा खरा धोका आम्हाला कुणी सांगितला नव्हता. किंवा सांगितला असेल, आम्ही ऐकला नसेल. आपल्या आतड्यांत असंख्य जंतू सुखाने नांदत असतात. यकृत चांगलं असलं की आतड्याच्या भिंतीतून निसटलेल्यांचा समाचार वाटेतच घेतला जातो. सिऱ्हॉसिस पुढच्या टप्प्याला गेला की भिंतही सैल होते आणि पहाराही. मग हे जंतू पोटातल्या पाण्यात उतरतात. ते पाणी म्हणजे नुसतं पातळ. जंतूंना मारणारी प्रथिनं त्यात फारशी नसतात. कुठे काही फुटलेलं नाही, जखम नाही, शस्त्रक्रिया झालेली नाही, तरी आपोआप पाण्याला जंतूंची लागण होते. १९६४ साली हॅरॉल्ड कॉन या अमेरिकन डॉक्टरांनी या विकाराला नाव दिलं, त्यातही 'आपोआप होणारा' हाच शब्द आहे. त्या सुरुवातीच्या काळात हा विकार झालेल्या शंभरातले नव्वदाहून अधिक दगावत. आता वेळेवर ओळखला आणि लगेच औषध सुरू झालं, तर हे प्रमाण वीसाच्या आसपास आलं आहे.

सगळी मेख त्या 'वेळेवर' शब्दात आहे.

शनिवार ते सोमवार

२०२२ सालचा श्रावण. आमच्याकडे दुधाचा हिशोब कॅलेंडरवर लिहायचं काम आईंचं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, सकाळी माझी धावपळ, म्हणून त्यांनी ते स्वतःकडे घेतलेलं. अक्षर मोत्यासारखं. त्या शनिवारी शाळेतून आले तर कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात 'अर्धा' हा शब्द दोनदा लिहिलेला, एकावर एक, आणि दुसरा पार खालच्या रविवारावर घसरलेला. मी रोज पन्नास पोरांच्या वह्या तपासते. अक्षर बिघडलं की पोराचं काहीतरी बिनसलंय, हे मला लांबून कळतं. पण घरच्या वहीकडे आपण त्या नजरेने कुठे बघतो? म्हटलं, चष्मा लावला नसेल.

रविवारी अंग किंचित कोमट. ताप म्हणावा असा नाही. दुपारभर झोपल्या आणि रात्री टक्क जाग्या. पोट दुखतंय का विचारलं तर "नाही गं, जडच असतं ते." सोमवारी त्यांनी उपास धरलाच. मी उपासाचा अशक्तपणा समजले. संध्याकाळी हे बँकेतून आले, तर आई त्यांना म्हणाल्या, "कोण तुम्ही?"

मग जी पळापळ झाली ती काय सांगावी! रुग्णालयात तरुण डॉक्टर होते. त्यांनी पोटाला हात लावला, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "पोटातलं थोडं पाणी आत्ताच काढून तपासायला हवं."

आणि इथे आम्ही अडलो. पुण्याच्या भाऊजींना फोन, चुलत सासऱ्यांना फोन. चुलत सासरे म्हणाले, "एकदा पाणी काढायला सुरुवात झाली की माणूस काही राहत नाही, आमच्या वेळी बघितलंय." भाऊजींचं म्हणणं, रक्तातल्या प्लेटलेट बासष्ट हजार आहेत, सुई टोचली आणि रक्त थांबलंच नाही तर? रक्ताची तपासणी करा, सोनोग्राफी करा, सुई कशाला? आई तर शुद्धीवर असताना कितीदा म्हणाल्या होत्या, "मला टोचू नका रे." ह्यांच्या हातात संमतीचा कागद, आणि सही होईना. तीन तास गेले. पुढे मी वाचलं, तेव्हा त्या तीन तासांची किंमत कळली. अमेरिकेतला एक अभ्यास २०१४ साली छापून आला. हाच विकार असलेल्या ज्या रुग्णांचं पाणी रुग्णालयात आल्यापासून १२ तासांच्या आत तपासलं गेलं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण १३ टक्के होतं आणि ज्यांना उशीर झाला त्यांच्यात २७ टक्के. आमचे तीन तास तर रुग्णालयातले. शनिवारपासूनचे घरातले तास कोण मोजणार?

शेवटी ह्यांनी सही केली. डॉक्टरांनी बेंबीच्या खाली, डाव्या कुशीकडे, जागा बधिर करून सुई घातली. दहा मिनिटांत दोन सिरिंज पाणी निघालं, ताकाच्या निवळीसारखं जरासं गढूळ. टोचल्या जागी एक पट्टी. झालं! ज्या गोष्टीसाठी आम्ही महाभारत केलं ती एवढीच.

दोन वेगळ्या गोष्टी

घराघरांत जो गोंधळ होतो तो असा. पाणी काढणं दोन प्रकारचं असतं. पोट फार तटतटलं, श्वास घेता येईना, की कित्येक लिटर पाणी सावकाश काढतात, तो उपचार. आणि तपासणीसाठी काढतात ते जेमतेम दोन-चार चमचे असतं. दुसऱ्यासाठी पहिल्याची भीती घालून घेणं चूकच. प्लेटलेट कमी असल्या तरी ही तपासणी बहुतेकदा करता येते. गंभीर रक्तस्राव हजारात एखाद्याला होतो. म्हणून आता तज्ज्ञांचा नियमच आहे की सिऱ्हॉसिसमुळे पोटात पाणी झालेला माणूस कुठल्याही कारणाने रुग्णालयात दाखल झाला की ते पाणी तपासायचं, त्रास असो वा नसो. कारण कितीतरी रुग्णांत ना ताप येतो ना पोट दुखतं.

आणि हे काही आजचं परकं खूळ नाही बरं का. सुश्रुतसंहितेत जलोदराचं पाणी काढण्याची रीत दिलेली आहे. जागाही बेंबीखाली डावीकडची, आणि सगळं पाणी एकाच दिवशी काढू नये अशी ताकीदसुद्धा! आज पाच लिटरच्या वर पाणी काढलं तर सोबत शिरेतून अॅल्ब्युमिन देतात, कारण एकदम पाणी गेल्याने रक्ताभिसरण ढासळतं. चुलत सासऱ्यांना मी नंतर हे सांगितलं, तर म्हणाले, "असं होय? मग आधी नाही का सांगायचं?"

रक्तातून कळणार नाही का?

भाऊजींचा प्रश्न मात्र अगदीच वेडा नव्हता. सुई न टोचता, नुसत्या रक्तावरून किंवा एखाद्या पट्टीवरून ही लागण ओळखता आली तर कुणाला नको आहे? जगभरचे डॉक्टर अशाच खुणांच्या मागे आहेत. त्यांना बायोमार्कर म्हणतात. म्हणजे शरीरातला असा एखादा पदार्थ, की ज्याचं प्रमाण बघून आत काय चाललंय ते कळावं. दुधाला आंबूस वास आला की नासायला लागलं हे आपण ओळखतो ना, तसं.

आज भरवशाची खूण एकच मानतात, आणि ती त्या पाण्यातच मोजावी लागते. जंतू आले की त्यांच्याशी लढायला न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी पाण्यात जमा होतात. एका घन मिलिमीटरमध्ये त्या २५० किंवा अधिक निघाल्या की लागण झाली असं धरून औषध सुरू करायचं. आईंच्या पाण्यात त्या दोन हजारांच्या घरात होत्या. जंतू प्रत्यक्ष वाढवून बघण्याची कल्चर ही तपासणीही करतात, पण तिला दिवस लागतात आणि लागण असूनही निम्म्याच्या आसपास वेळा तिच्यात काहीच उगवत नाही. आईंचा कल्चरचा अहवाल चौथ्या दिवशी आला, 'जंतू आढळले नाहीत'. त्या अहवालाची वाट बघत बसलो असतो तर?

बाकीच्या खुणांची गंमत ऐका. सी. आर. पी. ही रक्ततपासणी आता सर्वांना ठाऊक आहे. शरीरात सूज असली की ते वाढतं. पण सी. आर. पी. बनवतं कोण? यकृत! ज्याचं यकृतच थकलं आहे त्याच्या रक्तात ते पुरेसं वाढेलच कशाला? प्रोकॅल्सिटोनिन नावाचा दुसरा पदार्थ जंतूंच्या संसर्गात वाढतो, सिऱ्हॉसिस असूनही वाढतो. पण संसर्ग पोटात आहे, फुप्फुसात आहे की लघवीत आहे, हे तो सांगत नाही. कॅलप्रोटेक्टिन आणि लॅक्टोफेरिन ही प्रथिनं न्यूट्रोफिल पेशींच्या पोटातच असतात, म्हणून पोटातल्या पाण्यात ती सापडली की पेशी न मोजताही अंदाज येतो. लॅक्टोफेरिन म्हणजे आईच्या दुधात असतं तेच बरं. या दोहोंवर पुष्कळ काम झालेलं आहे. पण यांच्यासाठीही पाणी काढावं लागतंच, सुई काही चुकत नाही. फायदा एवढाच की पेशी मोजायला जिथे रात्री कुणी नसतं, तिथे निकाल लवकर हाती येऊ शकतो.

लघवी तपासायच्या रंगीत पट्ट्या असतात, त्या या पाण्यात बुडवून बघण्याचीही युक्ती निघाली होती. दोन मिनिटांत निकाल! सुरुवातीला सगळे खूश झाले. मग फ्रान्समध्ये १,०४१ रुग्णांवर तपासून पाहिलं, तो अहवाल २००७ साली आला, आणि लक्षात आलं की त्या पट्टीने लागण झालेले निम्म्याहून अधिक रुग्ण निरोगी ठरवले. पुढे खास याच पाण्यासाठी वेगळी पट्टी बनवली गेली. तिचा उलट स्वभाव. ती 'नाही' म्हणाली तर विश्वास ठेवावा, 'आहे' म्हणाली तर पेशी मोजून खात्री करावी लागते.

थोडक्यात, 'रक्तावरून सांगा, सुई नको' असं डॉक्टरांना म्हणण्यासारखी परिस्थिती अजून आलेली नाही. आम्ही तेच म्हणत तीन तास घालवले.

पुढे काय झालं

शिरेतून प्रतिजैविकं लगेच सुरू झाली. त्यासोबत अॅल्ब्युमिन. वजनाच्या दर किलोला दीड ग्रॅम पहिल्या दिवशी आणि एक ग्रॅम तिसऱ्या दिवशी असं प्रमाण असतं. एकेक बाटली काही हजारांची, आणि आईंना अशा आठ लागल्या. हे विचारायला गेले की टाळता येईल का. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की या लागणीत माणूस पुष्कळदा मूत्रपिंडं बंद पडून जातो, आणि ही बाटली त्यासाठी आहे. १९९९ साली स्पेनमध्ये १२६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत नुसतं प्रतिजैविक दिलेल्यांपैकी ३३ टक्के रुग्णांची मूत्रपिंडं बिघडली, अॅल्ब्युमिन जोडून दिलेल्यांत फक्त १० टक्के. रुग्णालयातले मृत्यूही २९ टक्क्यांवरून १० वर आले. आम्ही माझी ठेव मोडली. तो पैसा सत्कारणी लागला असंच मी म्हणेन.

दोन दिवसांनी पुन्हा पाणी तपासलं. पेशी उतरल्या होत्या. त्या उतरल्या नाहीत तर औषध बदलावं लागतं, कारण हल्ली कितीतरी जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. नवव्या दिवशी आई घरी आल्या. ही लागण एकदा होऊन गेली आणि पुढे प्रतिबंधक गोळी घेतली नाही, तर वर्षाच्या आत सत्तर टक्के लोकांना पुन्हा होते. त्यामुळे ती गोळी त्यांना कायमची लागली. "मला बरं वाटतंय, आता बंद करते," हे वाक्य आमच्या घरात महिन्यातून दोनदा व्हायचं.

बाकीचं काम आता स्वयंपाकघरात होतं. मीठ दिवसाला सगळं मिळून साधारण पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, भाजी-आमटी धरून. लोणचं, पापड, सांडगी मिरची, फरसाण बंद. सैंधव चालेल का म्हणून मी विचारलं. नाही, तेही मीठच. खाण्याचा सोडा घातलेला ढोकळाही नाही. आणि बाजारात 'कमी सोडियमचं' मीठ मिळतं, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच आणू नये. त्यात पोटॅशियम असतं आणि पाणी कमी करण्याच्या काही गोळ्यांबरोबर ते धोक्याचं ठरतं. आमटीवर वरून लिंबू पिळलं, कोथिंबीर-आल्याचं वाटण घातलं, की मीठ कमी असल्याचं थोडं झाकलं जातं. थोडंच हं. आई रोज ताटावर बसून तोंड करायच्याच.

मीठ तोडलं म्हणून जेवण तोडायचं नाही. पथ्याच्या नावाखाली डाळ, दूध, अंडी बंद करणारे पुष्कळ आहेत, पण अशा रुग्णाला प्रथिनं जास्तच लागतात. उपास तर नकोच. रात्री झोपण्यापूर्वीही काहीतरी पोटात गेलं पाहिजे. आम्ही मुगाचं धिरडं किंवा दूध-पोळी देत होतो. श्रावण सोमवार सुटला तेव्हा आईंना फार लागलं. शेवटी आमच्या गुरुजींनीच सांगितलं की औषधासाठी मोडलेल्या उपासाचा दोष नाही, तेव्हा कुठे त्या मानल्या.

अंगदुखीच्या गोळ्यांचंही सांगून ठेवते. दुखण्यावर आपण दुकानातून सरसकट आणतो त्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांनी अशा माणसाची मूत्रपिंडं बिघडू शकतात. पित्ताच्या गोळ्याही सवयीने चालू ठेवू नयेत. जठरातलं आम्ल कमी झालं की जंतूंना मोकळीक मिळते असा संशय आहे. या गोळ्या खरंच हव्यात का, हे डॉक्टरांना विचारावं.

रोज सकाळी वजन आणि दुधाचा हिशोब. वजन मी लिहायची, हिशोब आई. डॉक्टरांना मी त्या घसरलेल्या 'अर्धा'ची गोष्ट सांगितली, तेव्हा ते म्हणाले की रोज दोन ओळी लिहून घेणं, सही करून घेणं हा चांगला उपाय आहे. यकृत थकून मेंदूवर परिणाम होऊ लागला की हस्ताक्षर फार लवकर बिघडतं. हा बायोमार्कर कुठल्या प्रयोगशाळेतला नाही, पण घरात बसून बघता येतो. मात्र तो रोगाचं नाव सांगत नाही. 'आज दाखवा' एवढंच सांगतो.

२०२३ च्या मे महिन्यात पुन्हा एका सकाळी कॅलेंडरवरची सही तिरकी झाली. या वेळी मी चष्म्याला दोष दिला नाही. शाळेला सुट्टीच होती. रिक्षा बोलावली, ह्यांना बँकेत फोन केला आणि तासाभरात आम्ही रुग्णालयात होतो. कागद पुढे आला तसा ह्यांनी कुणालाही फोन न करता सही केली. पाण्यात पेशी निघाल्या फक्त नव्वद. लागण नव्हतीच, चार दिवस पोट साफ झालेलं नव्हतं, त्यामुळे मेंदूला गुंगी आली होती. जुलाबाच्या औषधाने दोन दिवसांत आई ताळ्यावर आल्या. चुलत सासरे म्हणाले, "उगाच टोचलंत की." मी काही बोलले नाही.

त्यानंतर आई डिसेंबरपर्यंत आमच्यात होत्या. मे महिन्यात घरी आल्या त्या सकाळी त्यांनी आधी कॅलेंडर मागितलं. दोन दिवस हिशोब मी लिहिला होता. चष्मा लावून त्यांनी तो नीट बघितला आणि मला हाक मारली, "अगं, काल अर्धा लिटर जास्त लावलंयस. गवळी काय तुझा भाऊ लागतो?"